बाळ झोपलंय म्हणून आशाताईंना परत पाठवलं

नमस्कार ताई,

माझा मुलगा येत्या सोमवारी चार महिन्यांचा होईल. जन्मला त्याच दिवशी दवाखान्यात त्याला बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस दिली. दीड महिन्याची लस माहेरी असताना घेतली. त्या रात्री तो खूप रडला, अंग चांगलंच तापलं. मांडीत गाठ आली, ती अजून बारीकशी हाताला लागते. त्यातच दंडावर बीसीजी टोचली होती तिथे फोड येऊन फुटला, पू आला. मी फार घाबरले. त्यामुळे अडीच महिन्यांची लस राहिली, मग साडेतीनचीही राहिली. सासूबाई म्हणतात, ‘अंगात जरा जीव धरू दे, वर्षाचा झाला की सगळ्या एकदम देऊ. आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या सुया, तरी पोरं वाढवलीच की.’ मिस्टर पुण्याला कामाला असतात. त्यांनी मोबाइलवर आलेला एक मेसेज पाठवला, त्यात लशींमुळे मुलं स्वमग्न होतात असं लिहिलंय. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. दोन्ही वेळा बाळ झोपलंय म्हणून सांगितलं. एकदा तो खरंच झोपला होता. ताई, थोडं थांबलं तर काय बिघडतं? आणि आता सगळं परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

– एक आई, सातारा जिल्हा

अगं,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण जीव तिथेच अडकला असणार. पहिल्यापासून काहीही करायचं नाही. दीड महिन्याला घेतलेला डोस वाया गेलेला नाही, तो बाळाच्या अंगात आपलं काम करतोच आहे. गावातल्या पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन जा, कार्ड पुढे कर, सिस्टर जिथे थांबलंय तिथून पुढे सुरू करतील. दुसरा डोस त्या दिवशी, तिसरा त्यानंतर कमीत कमी चार आठवड्यांनी. कुणी चार शब्द बोललंच तर ऐकून घे, पण लस घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस.

आता थांबलं तर काय बिघडतं ते सांगते. मी 31 वर्षं आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात काढली. ‘बाळ झोपलंय’ हे वाक्य मी किती दारांत ऐकलं असेल त्याला मोजदाद नाही. त्यातल्या एका दारावर मला आजही थांबावंसं वाटतं. वस्तीवरचं घर होतं. बाळ दोन महिन्यांचं झालेलं, दीड महिन्याची लस राहिलेली. आजी म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय, पुढच्या खेपेला बघू. मला अजून तीन वस्त्या करायच्या होत्या, मी मान हलवून निघाले. पंधरा दिवसांनी रात्री त्या बाळाला केंद्रात आणलं. थोरल्या भावाला आठवडाभर खोकला होता, तो साधाच वाटला होता सगळ्यांना. बाळाला मात्र धड खोकताही येत नव्हतं. खोकल्याची एक उबळ यायची, लागोपाठ दहा-बारा ठसके, चेहरा आधी लाल, मग ओठांच्या कडेने जांभळा, आणि मग काहीच नाही. श्वासच नाही. आई त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारायची, आणि आम्ही सगळे त्या इवल्याशा छातीकडे डोळे लावून उभे असायचो. श्वास परत आला की पुन्हा दुसरी उबळ. ॲम्ब्युलन्समध्ये मी सोबत गेले. ते बाळ वाचलं, पण आठवडेच्या आठवडे त्याची आई रात्र रात्र बसून राहिली. उबळ कधी येईल सांगता येत नव्हतं.

तो डांग्या खोकला होता. मोठ्या मुलाला झाला तर तो दोन-तीन महिनेही हैराण करतो. म्हणून तर त्याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात. पण तान्ह्या बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो. फुफ्फुसं लहान, श्वासाची वाट अरुंद, आणि खोकून कफ बाहेर टाकायची ताकद नाही. बाळ जितकं लहान तितका धोका जास्त. म्हणूनच पहिली सुई दीड महिन्याला ठेवली आहे. ‘अंगात जीव धरू दे, मग देऊ’ असं सासूबाई मायेपोटीच म्हणतात. पण अंगात जीव धरेपर्यंतचे हे महिनेच सगळ्यात जोखमीचे असतात, आणि लस त्याच महिन्यांसाठी आहे.

आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत. ज्या बायकांनी ही रीत पाळली त्यांनी तान्ही बाळं जाताना डोळ्यांनी पाहिली होती. बाहेरचं काही लागू नये म्हणूनच ती काळजी होती. सव्वा महिना संपतो आणि चार-पाच दिवसांत 42 दिवस, म्हणजे सहा आठवडे पूर्ण होतात. पाहुणे यायला लागतात, बाळ सासर-माहेर करायला लागतं, एसटीत बसतं, जत्रेला जातं. बरोबर त्याच वेळी पहिली लस येते. सासूबाईंना हा हिशोब सांगून बघ, त्यांना तो पटकन कळेल.

‘वर्षाचा झाला की सगळ्या एकदम’ हे का जमत नाही, तेही नीट समजून घे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत जी लस देतात तिला पेंटा म्हणतात, कारण एकाच सुईत पाच आजारांपासून बचाव आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. हिबचे जंतू लहान बाळांत न्यूमोनिया करतात, मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. सोबत तोंडावाटे रोटाचे थेंब असतात, ते जुलाबासाठी. दीड आणि साडेतीन महिन्यांना दुसऱ्या मांडीत पीसीव्ही, तीही न्यूमोनियासाठी. आता बघ, हे जुलाब, हा न्यूमोनिया, ही मेंदूची सूज बाळाला गाठतात ती मुख्यतः पहिल्या दीड-दोन वर्षांत. वर्ष थांबलीस तर त्यातला मोठा काळ उघड्यावर गेला. शिवाय सरकारी वेळापत्रकात पेंटा आणि रोटा यांचा पहिला डोस वर्षाच्या आतच सुरू व्हावा लागतो, त्यानंतर ते सुरू करता येत नाहीत. तू पहिला डोस घेतला आहेस म्हणून तुझं ते दार उघडं राहिलं आहे.

तीन डोस कशाला, हेही पुष्कळ जणी विचारतात. पहिल्या डोसाने शरीराला शत्रूची नुसती ओळख होते. बाळाचं शरीर नवखं आहे, एका भेटीत त्याच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते पक्कं होतं. तुझ्या बाळाची ओळख झाली आहे, पण हातात काठी अजून आलेली नाही. म्हणून एका डोसावर निश्चिंत बसू नकोस. आणि घरी येऊन पल्स पोलिओचे दोन थेंब पाजून गेले म्हणजे लसीकरण झालं, असाही समज आहे. ते थेंब फक्त पोलिओसाठी असतात. ते घ्यायचेच, बाकीचं सगळं वेगळं.

तापाची भीती मात्र मी समजू शकते. रात्री दोन वाजता बाळ किंचाळत असताना कुणालाही वाटेल की उगाच टोचून आणलं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येणं, चिडचिड, मांडी दुखणं हे पुष्कळ बाळांना होतं. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. लस टोचल्यावर तिथेच अर्धा तास थांबायचं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं. सिस्टरना विचार, सांगतील तेवढंच आणि सांगतील तसंच दे. अंगावर दूध पाजत राहा, घट्ट गुंडाळू नकोस. टोचलेल्या जागी थंड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवलं तरी बरं वाटतं. आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना आठवणीने सांग की ती मांडी चोळायची नाही, शेकायची नाही, तेल-हळद काही लावायचं नाही. आंघोळ घातली तरी चालते. मांडीतली ती बारीक गाठ काही आठवडे, कधी कधी त्याहूनही जास्त राहते आणि आपोआप विरून जाते.

दंडावरचा फोड तर बीसीजीचा नेहमीचाच. टोचल्यावर काही आठवड्यांनी तो येतो, फुटतो, खपली धरतो आणि छोटा वण राहतो. त्यावर मलम नाही, पावडर नाही, पिळणं तर अजिबात नाही. काखेत मोठी गाठ आली तर मात्र डॉक्टरांना दाखव. तसंच लसीनंतर ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, बाळ तीन तास न थांबता रडलं, झटका आला किंवा एकदम मलूल पडलं, तर वाट न बघता दवाखाना गाठ आणि पुढच्या डोसाआधी सिस्टरना ते जरूर सांग. तुझ्या पत्रातलं काहीही यात बसत नाही. एका रात्रीचा ताप आणि रडणं याला पुढची लस थांबवायचं कारण नाही. साधी सर्दी, थोडं पातळ शी होणं, दात येणं, हीही कारणं नव्हेत.

तुझ्या मिस्टरांना त्या मेसेजचं मूळ सांग. 1998 साली इंग्लंडमध्ये एका डॉक्टरने 12 मुलांवरून एक निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा संबंध त्यात स्वमग्नतेशी जोडला होता. त्यातली माहिती फिरवलेली निघाली. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा वैद्यकीचा परवानाही त्याच वर्षी गेला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण वेगळं नव्हतं. मग लोकांना तसं का वाटतं? मूल नजरेला नजर देत नाही, बोलत नाही, हे आई-बापांच्या लक्षात येतं दीड-दोन वर्षांच्या आसपास, आणि त्याच सुमाराला बूस्टर, म्हणजे आधीचं संरक्षण पुन्हा पक्कं करणारा डोसही असतो. दोन गोष्टी एका वेळी आल्या की मन त्यांची गाठ मारतं. ज्या घरात असं मूल आहे त्या आई-बापांचं दुःख खरंच असतं, म्हणून मी त्यांना कधी मूर्ख म्हटलं नाही. पण तो मेसेज खोटा आहे.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. दुपारी निवांत बसल्या असतील तेव्हा त्यांचा हात बघ. त्यांचा जन्म 1975 च्या आधीचा असेल तर हातावर देवीचे वण असण्याची पुष्कळ शक्यता आहे, गोल, चपटे, कातडी थोडी चुरगळल्यासारखी. ‘आमच्या वेळी’ ही लस होती, आणि ती एक लस त्यांच्या आईने घेऊ दिली. देवी काढायला माणूस यायचा तेव्हा पोरं कणगीमागे, उसाच्या फडात लपवलेली असायची. त्याच टोचणीने देवी गेली. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा. आपल्या देशात ती लस पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. देवीच्या वणांनी भरलेले चेहरे सासूबाईंनी लहानपणी पाहिले असतील. तुझ्या वयाच्या मुलींनी एकही पाहिलेला नाही.

आणि ‘पोरं वाढवलीच की’ असं त्या म्हणाल्या तर हळूच विचार, त्यांच्या आईला किती झाली होती आणि त्यातली किती राहिली. माझी आई सांगायची, ‘सहा झाली, चार आहेत.’ एक गोवरात गेलं, एक घटसर्पात. त्या दोघांची नावं ती दरवर्षी पितृपंधरवड्यात घ्यायची. माझ्या पिढीच्या बायकांकडे अशी गोष्ट बहुतेक प्रत्येकीकडे असते, फक्त कुणी विचारत नाही. विचारलंस तर कदाचित त्या स्वतःच बाळाचं टोपडं शोधायला उठतील.

गोवराचं नाव निघालंच आहे, तर पुढचं आत्ताच सांगून ठेवते. बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्याबरोबर गोवर-रुबेलाची लस द्यायची आहे, आणि ती तारीख चुकवायची नाही. आपल्याकडे अजून गोवर आला की उंबऱ्याला लिंबाचा डहाळा लावतात, औषध देत नाहीत, ‘अंगावर फुटून जाऊ दे’ म्हणतात. पण तो नुसता पुरळ नव्हे. त्यात न्यूमोनिया होतो, डोळे जातात, आणि आधीच्या आजारांशी लढण्याची शरीराची जी आठवण असते तीही गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो. पुरळ गेल्यावरही मूल पुढे महिनोन् महिने काही ना काही आजारात सापडत राहतं. एका गोवरच्या रुग्णापासून लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना तो होऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत त्याचे विषाणू असतात. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीपासून तो असाच पसरला, भिवंडी आणि मालेगावातही गेला, आणि लेकरं दगावली. कोरोनाच्या काळात अनेक घरांत लशी ‘पुढे बघू’ म्हणून राहिल्या होत्या.

नऊ महिनेच का, हे तुमच्या शेतकरी घरात सांगायला सोपं आहे. जमीन वाफशावर आली की पेरायचं. चिखलात पेरलं तर बी कुजतं, वाफसा गेल्यावर पेरलं तर उगवतच नाही. पोटात असताना आईकडून आलेलं संरक्षण बाळाच्या अंगात काही महिने टिकतं, आणि ते असताना गोवराची लस दिली तर ते तिला नीट रुजू देत नाही. ते ओसरलं की बाळ गोवराला उघडं पडतं. म्हणून तेव्हा लगेच. मग 16 ते 24 महिन्यांत दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, पाच-सहा वर्षांचा असताना दुसरा बूस्टर. हे बूस्टर सगळ्यात जास्त चुकतात, कारण मूल धावायला लागलं की घरच्यांना वाटतं झालं आता. घटसर्प अशाच शाळेत जायला लागलेल्या पोरांना गाठतो. घशात करडा पडदा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो. मी तो पाहिला आहे. तो मुलगा सात वर्षांचा होता.

लसीकरणाच्या दिवशी एक गोष्ट स्वतः बघ, तुलाही विश्वास वाटेल. सिस्टर लशी निळ्या डब्यात आणतात, आत चारी बाजूंनी बर्फाचे पॅक. कुपीवर एक छोटा गोल असतो आणि त्यात चौकोन. लशीला उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. गोलाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. विचारलंस तर सिस्टर दाखवतील, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. मला कुणी विचारलं की मला आनंद व्हायचा. सुईसुद्धा अशी असते की एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो, दुसऱ्याला टोचताच येत नाही.

कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेव. माहेरी जाशील, मिस्टरांकडे पुण्याला जाशील तरी कार्ड सोबत हवं. देशात कुठल्याही सरकारी केंद्रात त्यावर पुढचा डोस मिळतो. एका ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवरून एक बाई माझ्याकडे आली होती, बीड जिल्ह्यातली. अक्षरओळख नव्हती. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून म्हणाली, ‘तिकडच्या शिस्टरनी सांगितलं व्हतं, चार बाजार झाले की जा. आज चौथा बाजार.’ बरोबर 28 वा दिवस होता. टोळीतला दिवसाचा रोज बुडवून, दोन कोस चालत आली होती, बाळ पाठीला बांधून.

तूही तसंच मोज. या डोसानंतर चार बाजार. आशाताईंना आजच फोन करून पुढचा दिवस विचार, त्या आधीच्या दोन फेऱ्यांबद्दल काही बोलणार नाहीत. जाताना सासूबाईंना सोबत ने. टोचताना बाळाचे पाय धरायला अनुभवी हात लागतात, आणि टोचून झाल्यावर लगेच तू त्याला अंगावर घे. निघायच्या वेळी तो झोपलेला असला, तरी तसाच खांद्यावर टाकून ने.